शेट्येबाईंचा संशय

"तुला इथं कोणी पाठवलं?"

शेट्येबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही. मी पावसहून सकाळची एस.टी. पकडून, नवी साडी नेसून, रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या कोळंबीच्या फॅक्टरीत प्रयोगशाळेच्या नोकरीवर रुजू व्हायला आले होते. साल अठ्ठ्याण्णव. हातात नेमणुकीचा कागद होता. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, खिडकीच्या उजेडाला धरला आणि परत देत म्हणाल्या, "सही शेठची आहे, ते दिसलं मला. पाठवलं कोणी?"

"कोणी नाही. जाहिरात पाहून आले."

"असं तू म्हणतेस."

हे वाक्य पुढे मी जवळजवळ रोज ऐकलं. त्यात राग नसे, टोमणाही नसे. डॉक्टरने 'जीभ दाखवा' म्हणावं तितक्या सहज त्या ते म्हणत. एखादी बाई तापाने फणफणून सुट्टी मागायला आली, तरी आधी "असं तू म्हणतेस", मग कपाळाला हात, मग सुट्टी. सुट्टी मिळायची, पण कपाळाला हात लागल्याशिवाय नाही.

बाई आमच्या सोलणीच्या शेडच्या प्रमुख. माणसं घ्यायची, बसवायची, भांडणं सोडवायची, रजा द्यायच्या, हे सगळं त्यांच्याकडे. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळं खातं असतं म्हणे; आमच्याकडे शेट्येबाई होत्या. लहानखुरी मूर्ती, सुती साडी वर खोचून पायात गमबूट, डोक्याला घट्ट पांढरं फडकं, आणि नाकावर घसरलेल्या चष्म्याच्या वरून पाहणारे डोळे. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. हातखंब्याहून सोलणीला येणारी सुगंधा मात्र मागून म्हणायची, "कोनावर भरवसा बसल तवा लगीन व्हईल ना!"

संशय बाईंच्या अंगातच मुरलेला होता. छत्री उघडण्याआधी ती झटकायच्या. आत कोणी काही ठेवलं असेल तर? बाजारात मासा घेताना कल्ला उचलून पाहायच्या आणि मग कोळणीच्या चेहऱ्याकडे पाहायच्या, कारण त्यांच्या मते मासा खोटं बोलत नाही. देवळात जाताना चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "देवावर माझा विश्वास आहे गो. देवळाबाहेरच्यांवर नाही." कॅन्टीनचा चहा आला की आपला कप समोरच्याच्या कपाशी बदलून घ्यायच्या. एकदा मी मुद्दाम आधीच कप बदलून ठेवले. बाईंनी दोन्ही कपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी चहाच घेतला नाही.

असल्या बाईच्या हाताखाली शे-सव्वाशे बायका कशा टिकल्या, याचं मला कोडं पडायचं. नंतर लक्षात आलं की बाईंच्या संशयात कोणालाच सूट नव्हती, आणि त्यातच त्या बायकांची सोय होती.

आमच्या शेडमध्ये बायका लांबलचक स्टीलच्या टेबलांशी उभ्या राहून बर्फातली कोळंबी सोलायच्या. सोललेल्या मालाच्या वजनावर मजुरी. बायका तीन तऱ्हेच्या. बंदराकडच्या राजिवड्याच्या, मिरकरवाड्याच्या मुसलमान घरांतल्या, ज्यांचे नवरे बोटीवर नाहीतर आखातात. हातखंबा-लांज्याकडच्या शेतकरी घरांतल्या, ज्यांचे नवरे मुंबईला. आणि केरळातून ठेकेदाराने आणलेल्या तरण्या मुली, ज्यांचे नवरे अजून व्हायचे होते. बाई येण्याआधी या तिघींची टेबलं वेगळी असत, असं मला सांगण्यात आलं. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण कोणी मोडतही नव्हतं. आणि प्रत्येक टेबलाची खात्री होती की मोठी कोळंबी शेजारच्या टेबलावर जाते, बारीक आपल्या वाट्याला येते.

बाईंनी आल्या आल्या नवा नियम केला. फाटकातून जी पहिली आत येईल ती पहिल्या टेबलावर, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या, आणि टेबलं संपली की पुन्हा पहिल्यापासून. एका एस.टी.तून उतरलेल्या मैत्रिणी त्यामुळे हटकून वेगवेगळ्या टेबलांवर जायच्या. कोण कुणाशेजारी उभी राहणार हे रोज सकाळी फाटकच ठरवायचं.

मी आले तेव्हाही यावर शेडमध्ये केवढी कुजबुज! राजिवड्याच्या बायकांना वाटलं, आपल्यावर नजर ठेवायला दुसऱ्या घुसवल्या. गाववाल्यांना वाटलं, बाई मुसलमानांच्या बाजूच्या आहेत. केरळच्या मुलींना त्यांच्या ठेकेदाराने सांगून ठेवलं की तुमच्या हातातली कला शिकून घेतील आणि मग तुम्हाला परतीच्या गाडीत बसवतील. माझ्याबद्दल तर तिघींचंही एकमत होतं. माझ्या प्रयोगशाळेला शेडच्या बाजूने काच होती, तेव्हा मी शेठची हेर. मी काचेतून नुसतं बाहेर पाहिलं तरी टेबलावरची बोलणी थांबायची.

एकदा मी बाईंना विचारलं, "पण बाई, खरं कारण काय हो या मिसळीचं?"

"तुला काय वाटतं?"

"एकोपा वाढावा म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अश्लीलच बोलले होते. "एकोपा! तो भाषणात असतो. वेगळी बसवली की वेगळी मोजता येतात, एवढं मला कळतं. आज मोजतील. उद्या म्हणतील, बघा केरळवाल्या किती उरकतात, तुम्हीच कशा मागे? परवा त्या तिघींना एकमेकींच्या अंगावर घालतील. शेठ वाईट नाहीत, पण त्यांना मी तेवढी संधी देऊ का?"

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि खरं विचारशील तर माझाही मला भरवसा नाही. कोणाच्या हातचं खायचं नि कोणाच्या नाही, हे आईने लहानपणी डोक्यात घातलंय. ते निघत नाही. मी निवडून बसवायला गेले तर ते डोकंच निवडणार. म्हणून फाटकावर सोडलंय."

स्वतःविषयी असं सरळ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवसापासून बाई मला आवडायला लागल्या, पण तसं दाखवायची सोय नव्हती. लगेच कारण विचारलं असतं.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट मी येण्याच्या थोडी आधीची, पण तिचा शेवट मी पाहिला. कॅन्टीनच्या पडवीत दोन पिंपं होती. एकातून गाववाल्या प्यायच्या, दुसऱ्यातून राजिवड्याच्या. केरळच्या मुली बिचाऱ्या जवळ असेल त्यातून घ्यायच्या आणि कोणाच्या ना कोणाच्या कपाळाला आठी पडायची. बाईंनी एकेकीला विचारलं, हे कोणी ठरवलं? प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवलं. बाईंनी व्याख्यान दिलं नाही. एका सकाळी त्या पडवीत उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "काल एका पिंपात पाल पडलेली दिसली. संध्याकाळी उजेड कमी होता, कुठल्या ते कळलं नाही."

त्या दिवशी कोणी पाणी प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिंपं बायकांनीच उचलून कुंपणाबाहेर नेली, आणि आठवड्याभरात नळाची एकच मोठी स्टीलची टाकी आली. सगळ्या तिच्यातून प्यायला लागल्या. पालीच्या धास्तीने बाकीचं राहूनच गेलं.

मी बाईंना एकदा एकांतात गाठून म्हणाले, "पाल नव्हतीच ना?"

"पाल नव्हती असं तू म्हणतेस," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला आजही सांगता येत नाही.

सणांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. गणपतीला गाववाल्या घरी जाणार, त्या दिवसांत राजिवड्याच्या बायका जादा वेळ थांबायच्या, ईदेला उलट. रोज्याच्या महिन्यात रोजेवाल्यांची दुपारची सुट्टी संध्याकाळकडे सरकवायची, म्हणजे त्यांना लवकर घरी जाता येई. हे बाईंनी बसवलेलं. मग एका वर्षी पावसाच्या शेवटी केरळच्या मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही ओणमची सुट्टी हवी होती.

बाईंच्या भुवया वर गेल्या. "तुमच्यात एक मेरी, एक अंबिका, एक फातिमा. आणि सण सगळ्यांचा एकच?"

"एकच, मॅडम. सब करते."

"असं तुम्ही म्हणता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शहानिशा करायला त्यांच्या खोल्यांवर निघाल्या. मला बरोबर घेतलं. का, तर म्हणाल्या, "मी एकटी जाऊन आले तर मी पाहिलं ते खरं कशावरून?"

मुलींनी खोलीपुढच्या ओट्यावर फुलांची गोल रांगोळी घातली होती. इथे त्यांची फुलं कुठून मिळणार? कुंपणावरचा तेरडा आणि कोणाच्या परसातली झेंडूची फुलं आणून त्यांनी काम भागवलं होतं. बाईंनी वाकून फुलं ताजी आहेत का ते पाहिलं. मग आम्हाला केळीच्या पानावर जेवायला बसवलं. बाईंनी प्रत्येक पदार्थ आधी हुंगला, मग बोटाने चाखला. सांबाराला म्हणाल्या, "ही आमटीच की गो, नाव बदललंय." मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पायसम, म्हणजे त्यांची खीर, मात्र दोनदा मागून घेतलं. परत येताना फॅक्टरीच्या फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "सण खरा आहे." त्या वर्षापासून ओणमची सुट्टी लागू झाली, आणि त्या दिवशीचा माल राजिवडा आणि हातखंबा मिळून उरकू लागले.

आता मुख्य गोष्ट. ती रुकय्याची.

रुकय्या राजिवड्याची. टेबलांवर देखरेख करणारी मुकादमीण. आवाज खणखणीत, समुद्रावरच्या होडीला किनाऱ्यावरून हाक घालावी असा. नवरा आखातातून पाठीचं दुखणं घेऊन परत आलेला, घरी पडून असे. दोन मुली शाळेत. घर तिच्या एकटीच्या कामावर चालायचं, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

कोळंबी सोलून सोलून बोटांना चरे पडतात आणि ते बर्फाच्या पाण्यात चिघळतात. पूर्वी बायका बोटांवर रबरी टोप्या घालायच्या. त्या हंगामात टोप्यांचा पुरवठा थांबला. जखमेच्या बोटाने माल हाताळला तर परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस सगळा माल परत पाठवील, म्हणून बाईंनी फर्मान काढलं की टोप्या येईपर्यंत बोटांना स्वच्छ कापडाची पट्टी बांधायची. केरळच्या मुलींनी बाकीच्यांचं पाहून कापड गुंडाळलं. रुकय्याने फर्मान मनावर घेतलं. टेबलांमधून फिरताना उघडं बोट दिसलं की ती ओरडायची, "पट्टी! ए, पट्टी!" मी काचेआडून रोज पाहायची. बाकी सगळ्या पटकन बोट झाकायच्या. केरळच्या मुली मात्र तिच्याकडे रोखून बघायच्या आणि खाली मान घालायच्या. त्यांच्यातली लिसी नावाची एक मुलगी त्याच हंगामात नवी आली होती. तिच्यावर रुकय्याचा आवाज जास्त चढायचा, कारण पट्टी तिची सारखी सुटायची.

एका सकाळी लिसीने समोरचं कोळंबीचं घमेलं जमिनीवर आपटलं आणि रडत बाहेर गेली. तिच्यामागून केरळच्या सगळ्या मुली. फाटकाजवळ जाऊन बसल्या आणि उठेनात. ठेकेदार तडक शेठच्या ऑफिसात गेला. त्याने सांगितलं की ती मुकादमीण माझ्या मुलींना रोज घाण शिवी देते, तिला काढा आणि माझ्या मुलींना वेगळी शेड द्या, नाहीतर मी सगळ्यांना घेऊन गुजरातेत चाललो. हंगाम ऐन भरात होता. शेठनी बाईंना निरोप पाठवला, दुपारपर्यंत त्या बाईला काढून मोकळ्या व्हा.

रुकय्या नळापाशी उभी होती. एवढी दांडगी बाई, पण चेहरा पार उतरलेला. "बाई, मी कंदी कुनाला शिवी दिली नाय. घरात मुली हायत माज्या, मी अशी बोलंन? तुमी सांगा, मना काडतील का हो?"

"शिवी दिली नाहीस असं तू म्हणतेस," बाई म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. निदान आज तरी हे वाक्य नको होतं.

पण बाई फाटकाकडे गेल्या, मागोमाग मी, रुकय्या आणि निम्मी शेड, आणि त्यांनी लिसीलाही तेच ऐकवलं. "शिवी दिली असं तू म्हणतेस. कुठली शिवी? शब्द सांग."

लिसी मान हलवत राहिली. तो शब्द तिला तोंडातून काढायचा नव्हता. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तू सांगणार नसशील तर मी कोणाचं खरं मानू?"

फाटकाबाहेर एक मरतुकडं कुत्रं माशांच्या वासाने घुटमळत होतं. लिसीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बोट केलं. "वो बोलता हमको. रोज बोलता, सबके सामने."

"कुत्रा म्हणते?"

"कुत्ता नहीं बोलता, मॅडम. हमारी भाषा में बोलता." आणि मग अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं, ती म्हणाली, "पट्टी."

फाटकावरच्या वॉचमनचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खरंच ऐकलं का याची खात्री करायला. मग त्यांनी आपल्या एप्रनच्या खिशातून धुतलेलं कापड काढलं, टर्रकन त्याची एक चिंधी फाडली, लिसीचं सुजलेलं बोट हातात घेतलं आणि चिंधी गुंडाळत म्हणाल्या, "ही बघ. हिला आमच्यात म्हणतात पट्टी."

लिसीने बोटाकडे पाहिलं. कुत्र्याकडे पाहिलं. रुकय्याकडे पाहिलं. आणि एकदम तिला हसू फुटलं, मग त्याच हसण्यात पुन्हा रडू. बाकीच्या मुली एकमेकींना आपल्या भाषेत भराभरा समजावू लागल्या. रुकय्याने दोन्ही हात कानांना लावले. "या अल्ला! एवडं दिवस मी पोरींना कुत्रं कुत्रं म्हनत फिरतंय!" आणि ती धावत जाऊन लिसीला कवटाळून बसली. सुगंधा म्हणाली, "त्या कुत्र्याला पन एक बांदा रं कुनीतरी." हसण्याचा असा कल्लोळ फाटकावर त्याआधी कधी झाला नसेल.

एकट्या बाई हसल्या नाहीत. त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या ठेकेदाराकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "चल. साक्षीला चल."

शेठसमोर त्यांनी ठेकेदाराला एकच गोष्ट विचारली. "दहा वर्षं तुम्ही या बंदरात आहात. मराठी माझ्याइतकी बोलता. मल्याळम तर तुमचीच. मुली तुमच्याकडे रडत आल्या तेव्हा दोन्ही अर्थ तुम्हाला माहीत होते. सांगितलं का नाहीत?"

ठेकेदार पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, आज हा शब्द झाला, उद्या दुसरा होईल. माझ्या मुली घरापासून लांब आहेत. त्यांचं त्यांना वेगळं राहू द्या. ती बाई राहिली तर मी मुलींना आत पाठवणार नाही." त्यात थोडी काळजी खरीही असेल. मी त्याला सगळा खोटा म्हणणार नाही. पण वेगळी शेड झाली की तिथला मुकादम त्याचा होणार होता, हेही तितकंच खरं.

शेठ वैतागले. "शेट्येबाई, गैरसमज असेल, मान्य. पण माल कुजतोय. एक बाई काढल्याने काही बिघडत नाही. कोणाला तरी जबाबदार धरायला हवं ना?"

"धरा," बाई म्हणाल्या. "टोप्या संपल्यावर पट्टी बांधा, असं फर्मान माझं. शेडमध्ये किती भाषांच्या बायका आहेत हे मला माहीत होतं. आपला शब्द त्यांच्या कानाला कसा लागतो, हे विचारणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. रुकय्या माझाच शब्द ओरडत होती. कोणाला काढायचं तर मला काढा."

मला वाटलं, आता शेठ म्हणतील, छे छे, बाई, काहीतरीच काय. ठेकेदारालाही तसंच वाटलं असावं. शेठनी पेपरवेट फिरवला, ठेकेदाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. या महिन्यापर्यंत राहा." बाईंची ती मिसळलेली टेबलं दोघांनाही नको होती, त्यांचं काम फुकटात झालं. रुकय्याची नोकरी राहिली. दुसऱ्या महिन्यापासून टेबलं पुन्हा तीन झाली, आणि माझ्या काचेतून तिन्ही टेबलं वेगवेगळी, गप्प, खाली मान घालून सोलताना दिसू लागली.

बाई गेल्या त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर स्टॉपपर्यंत चालले. मला संशय होता की त्यांचा हिशेब चुकला. "शेठ तुम्हाला काढणार नाहीत असं वाटलं होतं ना तुम्हाला?"

"काढतील असंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "माणसाच्या वाइटाचा माझा अंदाज चुकत नाही गो. चांगल्याचा चुकतो." गाडी आली. बाईंनी पाटी वाचली, तरी कंडक्टरला विचारून खात्री केली आणि मगच चढल्या.

पुढच्या मे महिन्यात आमच्या पावसजवळ आंब्याचा रस काढण्याच्या एका शेडवर बाई रोजंदारीवर देखरेखीला आल्याचं कळलं. रविवारी मी भेटायला गेले. आढ्यापर्यंत आंब्यांच्या पेट्या, माश्या, गोड आंबूस वास. बाई बाकावर बसून एकेक आंबा नाकाशी नेत होत्या. मला पाहून आनंद झाला असावा, पण म्हणाल्या, "फॅक्टरीत काही झालं का? एकदम कशी आलीस?"

मी उत्तर देणार तोच दारात रुकय्या उभी. उन्हातून स्टॉपपासून चालत आलेली, ओढणीने तोंड पुसत.

"तू? आज सुट्टी आहे?"

"नाय, बाई. सोडली मी."

"काय सोडलंस?"

"काम सोडलं. परवा शेठनी बोलावलानी. केरळच्या पोरींत कामचुकार कोन, सांग म्हनत व्हते. लिसीचं नाव माज्या तोंडात घालत व्हते. मी डोक्याचं फडकं सोडलं, तितंच ठेवलं, नि आलंय. हितं काय काम असलं तर द्या."

बाई ताडकन उठल्या. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अगो, नवरा अंथरुणावर, घरात दोन मुली! मी कशासाठी गेले तिथून? तुझं काम राहावं म्हणूनच ना? आणि ते तू टाकून आलीस?"

"व्हय."

"अक्कल आहे की नाही तुला?"

रुकय्याचा तो खणखणीत आवाज त्या दिवशी अगदी बारीक झाला होता. "बाई, तुमी शब्द आपल्या अंगावर घेतलात नि मना वाचवलीत. मी त्या पोरीचं नाव सांगून तितं टिकलं असतं, तर तुमी गेलात ते फुकट गेलं असतं."

बाई पुन्हा बाकावर बसल्या. म्हणाल्या, "हात दाखव."

रुकय्याने हात पुढे केला. बोटांना कोळंबीचे चरे अजून ओले होते. बाईंनी हात उजेडाला धरला, उलटा केला, एकेक बोट नीट पाहिलं. "या हातांनी आंब्याला शिवायचं नाही. चीक लागला तर आग आग होईल. आठ दिवस नुसत्या पेट्या बघ. रोजची मजुरी मिळेल, मी बोलते मालकाशी." त्यांच्या चष्म्याची काच ओली झाली होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. बोटं केव्हाच पाहून झाली होती, पण बाईंनी रुकय्याचा हात काही सोडला नाही.